अपूर्ण वर्तमानकाळ

६ सप्टेंबर, शनिवार

पोचले एकदाची! दोन विमानं, एक आगगाडी आणि शेवटी एक बस. बॅगेचं एक चाक वाटेत कुठंतरी धारातीर्थी पडलं, पण मी शाबूत आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर. छत एका बाजूनं उतरतं, त्यामुळे पलंगावरून उठताना आज दोनदा कपाळमोक्ष झाला. खिडकीखाली बसथांबा, समोर बेकरी, बेकरीला लागून न्हाव्याचं दुकान. टेबल, दिवा, भिंतीतलं कपाट आणि कपाटात सात रिकामे हँगर. सातही माझे!

ताईला फोन करून हँगर मोजून दाखवले. ती हसली, पण तिला काय कळणार? मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे फ्रॉक मला, तिची पुस्तकं मला, तिची सायकलही मलाच. आणि शाळेत दर वर्षी नव्या बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं, की तू तिची बहीण ना, मग तुझं अक्षर असं का? चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा असं गाव मिळालंय जिथं ताईचा पाय लागलेला नाही.

इथं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं. तीन महिने परीक्षेचे. वर्गाला पसंत पडले तर नोकरी पक्की, नाही तर गाशा गुंडाळायचा. पसंत पडणारच. दाखवायच्या कार्यक्रमांत दोनदा नापास झाले असेन, इंग्रजीत कधीच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

शाळा म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक लांबट खोली, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार ते सहा. रविवारी सगळ्यांनी मिळून कुठंतरी भटकायला जायचं, म्हणजे बोलायचा सराव होतो. विद्यार्थी नऊ. बेकरीवालीच्या कोपरांना वर्गातही पीठ असतं. न्हावी बोलताना डोळ्यांत न बघता केसांत बघतो. निवृत्त पोस्टमनला गावातला प्रत्येक पत्ता पाठ आहे. माझी घरमालकीणही वर्गात येते. घरी ती मला चपला कुठं काढायच्या ते सांगते आणि वर्गात मी तिच्या स्पेलिंगच्या चुका काढते, म्हणजे फिटंफाट.

मला सगळे ‘न्यू मॅडम’ म्हणतात. नुसतं ‘मॅडम’ म्हणजे माझ्या आधीची, जी जूनमध्ये गेली. तिचं फार कौतुक. मॅडम अशी हसायची, मॅडम खडू असा धरायची.

मधल्या सुट्टीत बेकरीवालीनं मला विचारलं, कॉफी-बिफी घेणार का. मी उडालेच! तेवढ्यात न्हाव्यानं कोणाकडं तरी पेन-बिन मागितलं, आणि पोस्टमन म्हणाला की त्याचं बुक-बिक घरी राहिलं. सगळ्यांना वाटतं हे अस्सल इंग्रजी आहे. जगाच्या पाठीवर असं बिफी-बिन करणारी माणसं दुसरीकडं कुठं सापडायची? म्हणजे आधीची मॅडम आपल्यातलीच होती.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सात समुद्र ओलांडून यावं, तर इथंही आपल्याच भाषेतली एक बाई आपल्या खुर्चीवर आधीच बसून गेलेली.

२१ सप्टेंबर, रविवार

आज टेकडीवर गेलो. चढ छातीवर येणारा, पण वरून सगळं गाव दिसतं. पाव, चीज, उकडलेली अंडी. पोस्टमननं इतके विनोद सांगितले की माझी पोटभर करमणूक झाली, आणि तेवढ्यात तो म्हणाला की हे सगळे विनोद मॅडमनं शिकवलेत.

मग फोटो. नऊ जण ओळीत उभे राहिले आणि बरोबर मधे एका माणसाची जागा सोडली. मला वाटलं, माझ्यासाठी. मी लाजत लाजत पुढे झाले, तर घरमालकिणीनं हलकेच माझं कोपर धरून मला बाजूला केलं. ती मॅडमची जागा आहे, म्हणाली. माझ्या हातात फोन दिला. फोटो मी काढला.

अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला लिहू, मला तिचा हेवा वाटतो. जी बाई इथं नाही तिचा. रात्री ताईला सांगितलं, तर म्हणाली, लग्न न करता सवत मिळवलीस, कमाल आहे तुझी.

५ ऑक्टोबर, रविवार

आज तळ्यावर नेलं. गावापासून सात किलोमीटर. पाणी काळसर, काठाला भाड्याच्या होड्या. तिथं आधीचीचं काय झालं ते कळलं. बेकरीवाली सांगत होती आणि बाकीचे माना डोलावत होते.

जूनमधला शेवटचा रविवार. इथंच चादर अंथरून सगळे बसले होते. मॅडम उठली, प्रत्येकाकडे बघून हसली, ‘आय कम’ म्हणाली, आणि एकटीच होडी घेऊन वल्हवत गेली. हे थांबले. अंधार पडला तरी थांबले. पोलिसांना कळवायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण ती येते म्हणाली होती. सकाळी होडी पलीकडच्या काठाला सापडली. ती सापडली नाही. पाणबुड्यांनी तीन दिवस शोधलं.

 तिला काय म्हणायचं होतं ते त्या सगळ्यांत फक्त मला कळलं. आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही. मी लहानपणी एकदा ‘जाते’ म्हटलं, तर आईनं दारातून परत आणून पाटावर बसवलं होतं. जाताना ‘येते’ म्हणायचं. तिनं डोक्यातल्या शब्दाचं इंग्रजी केलं. तिनं निरोप घेतला आणि यांनी तो वायदा समजला.

सांगावंसं वाटलं, पण त्यांचे डोळे भरले होते. रडत्या माणसांना व्याकरण कसं सांगणार?

११ ऑक्टोबर, शनिवार

अपूर्ण वर्तमानकाळ घेतला. आत्ता काय चाललंय ते प्रत्येकानं एका वाक्यात सांगायचं. बस येतेय, खालचा सायकलवाला ठोकतोय, असं. न्हाव्याची पाळी आली. तो म्हणाला, मॅडम इज कमिंग. पोस्टमन म्हणाला, शी इज स्टँडिंग अॅट लेक.

मी लेकच्या आधी ‘द’ घालायला लावला. त्यानं घातला.

नंतर घरमालकिणीनं समजावलं की हा त्यांचा रोजचा सराव आहे, जूनपासूनचा, आणि मी मनावर घेऊ नये. शाळेचे संचालकही हेच म्हणाले. मनावर कसं घेऊ नये? माझा तास, माझा खडू, आणि वाक्यात कर्ता ती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज वाक्य बदललं. शी इज क्रॉसिंग द ब्रिज. ‘द’ न सांगता घातला. पूल तळ्यापासून चार किलोमीटर अलीकडे आहे.

माझा तोल गेला. मी सगळं सांगून टाकलं. येते म्हणजे जाते, ती तुमचा निरोप घेऊन गेली, परत यायचं तिच्या मनातही नव्हतं. त्यांच्या भल्यासाठी सांगितलं असं इथं लिहिणार होते, पण रोजनिशीत तरी खरं लिहावं. त्यांची मनं मोडावीत म्हणून सांगितलं. मोडली की माझ्याकडे वळतील म्हणून.

कोणी रडलं नाही. पोस्टमन समजुतीनं हसला. म्हणाला, चाळीस वर्षं पत्रं वाटली, पाकिटावर जे लिहिलेलं असतं तिथंच पत्र पोचतं. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कोणी विचारत नाही. ती येते म्हणाली. आता तिला यावं लागतंय.

‘यावं लागतंय’ हे त्यानं इंग्रजीत अगदी बिनचूक म्हटलं. हे मी त्यांना अजून शिकवलेलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

बाग, कारंजी, फोटो. या वेळी मी वाटेनं जाणाऱ्या एका गृहस्थाच्या हातात फोन दिला आणि सरळ त्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले.  दोन्ही बाजूंची माणसं जरा सरकली.

फोटो बघितला. मी जिंकल्यासारखी हसतेय. बाकीचे नऊ जण कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत, माझ्या डाव्या खांद्यावरून मागे बघतायत. मागे नुसती हिरवळ.

परत येताना स्वेटरची डावी बाही कोपरापर्यंत ओली होती. कारंजं लांब होतं. वास घेतला, तर साचलेल्या पाण्याचा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

त्यांना शिक्षा दिली. मोठ्या माणसांना! फळ्यावर लिहिलं, शी इज नॉट कमिंग, आणि सांगितलं वीस वेळा उतरवून काढा. निमूटपणे लिहिलं. वह्या गोळा करून घरी आणल्या.

नऊ वह्या. प्रत्येकीत वीस ओळी. सगळीकडे ‘नॉट’च्या जागी ‘नाऊ’. शी इज नाऊ कमिंग. एकशे ऐंशी वेळा.

चिडून तशीच शाळेत गेले, फळ्याचा फोटो काढून पुढच्या तासाला जाब विचारायचा म्हणून. फळा पुसलेला नव्हता. फळ्यावर ‘नाऊ’ होतं.

अक्षर माझं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी खिडकीत उभी होते. बस आली, थांबली, दार उघडलं. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. ड्रायव्हर थांबून राहिला, एखाद्या म्हातारीला उतरायला वेळ द्यावा तसा. मग दार लागलं. थांब्याचं बाकडं मघापर्यंत कोरडं होतं—

वर्गात न्हाव्याचं वाक्य ऐकायच्या आधीच मला माहीत होतं, शी इज गेटिंग ऑफ द बस.

संचालकांनी बोलावलं. दुसऱ्या गावी त्यांची शाखा आहे, सोमवारपासून तिथं जाता का. पगार तोच, वर्ग नवा. ताईला फोनवर सगळं सांगितलं तर ती रडली, जा म्हणाली, नाही तर घरी ये.

सुटले असते. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर आली ती, माझ्या खुर्चीत बसून कॉफी-बिफी घेणारी. माझी खुर्ची, माझे सात हँगर, माझे नऊ जण. आणि मी तिला जागा करून देऊ? जन्मभर हेच केलं. आता मेले तरी नाही.

नाही म्हणून सांगितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घरमालकिणीनं माझ्या पलंगावरची चादर बदलली. धुवायचा दिवस नसताना. गोड बोलून विचारलं, कधी निघणार. कपाटात सातातले चारच हँगर उरलेत. माझे कपडे घडी करून बॅगेत ठेवलेले— मी ठेवले नाहीत—

बेकरीवालीचं वाक्य, शी इज बाइंग ब्रेड.

घरी येताना बेकरीवरून आले. पायरीवर ओल्या पावलांचे ठसे. आत जाणारे. बाहेर येणारेही. माझ्या दाराकडे वळलेले नव्हते. शाळेच्या गल्लीकडे.

२२ नोव्हेंबर, शनिवार, चार वाजून वीस

वर्गातच लिहितेय. निबंध दिलाय, पण कोणी लिहीत नाही. न्हाव्यानं सगळ्यांचे केस विंचरून दिलेत. बेकरीवालीची कोपरं आज स्वच्छ आहेत. नऊ जण दाराकडे बघून बसलेत.

खालचं ठोकणं थांबलं.

पोस्टमन हळू म्हणाला, शी इज क्लाइंबिंग. मी ऐकलं नाही असं दाखवलं. जिना लाकडी आहे. दोन पायऱ्या, मग थांबणं. पाणी ठिबकतं तो आवाज. दोन पायऱ्या—

मी खुर्ची सोडणार नाही.

सगळे उभे राहिले. माझ्यासाठी अकरा आठवड्यांत कोणी एकदाही उभं राहिलं नाही. आत्ता, या वेळेलाही, आधी तेच लागतंय मनाला—

दार उघडलं. ठेंगणी आहे. मला वाटलं होतं त्याहून ठेंगणी, थकलेली. केसांतून पाणी— माझ्याकडेच बघतेय. राग नाही. कीव करतेय, मेली. माझी कीव—

बोलली. आपल्या भाषेत. अकरा आठवड्यांत समोरासमोर ऐकलेला पहिला शब्द. ‘ये हं,’ म्हणाली.

बोलावत नाहीये. निघालेल्या माणसाला म्हणतात ते.

मी उभी आहे. कधी उठले? वही हातात. खुर्चीत ती. नऊ जण तिच्याभोवती, माझ्याकडे पाठ— पाय दाराकडे, मी चालत नाहीये तरी—

जाते म्हणायचं. फक्त जाते. दुसरा शब्द तोंडातून गेला तर मलाही असंच— ओलीचिंब, एकेक पूल, एकेक थांबा— आणि तिची वाट बघायला नऊ जण होते. माझी कोण—

जाते. जाते. जाते. उंबरा आला. जिभेला वळणच तसं, कितीही आवरलं तरी आपोआप ये