एक नाव गाळलं तेव्हा

प्रिय आत्या,

हे पत्र तुला देणार नाही. मी कोण, हेच आता तुला आठवत नाही.

रोज सकाळी शिलाई मशीनवर बसण्याआधी तू पवित्र शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, मोठ्यानं वाचायचीस. शेवटचं पान संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वंशावळ्या आल्या की मी वैतागायचे, "ही नावं सोड ना!"

"अगं, प्रत्येक नाव कुणीतरी लाडानं ठेवलंय. सोडायचं कसं?"

आता मी तुला वाचून दाखवते. आज चहा निवत होता, म्हणून वंशावळीतल्या एकाचं नाव हळूच गाळलं. डोळे मिटूनच तू माझ्या हातावर चापट मारलीस, "मागे जा."

धन्य आहेस बाई! माझं नाव विसरलीस, पण त्याचं गाळू दिलं नाहीस.

तुझीच,
घाईची भाची