ओठाला गार लागणारा ब्रश

आई,

तू गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि मी तुला लिहायला बसलेय ते ब्रश वाळत नाहीत म्हणून. हसायचं तर हस. पण इथे सिंगापुरात या विषयावर माझ्याशी बोलेल असं दुसरं कोणी नाही, आणि मला उद्या दुपारी दोनपर्यंत पावडरचा मोठा ब्रश अगदी मुळापर्यंत कोरडा हवाय. नाहीतर सामान बांधायचं. यांची रॅफल्स प्लेसच्या बँकेतली नोकरी गेली. बँकेने एका सकाळी अर्धा मजला घरी पाठवला, नोकरीबरोबर इथे राहायचा परवाना, म्हणजे पासही रद्द झाला, आणि आता इथे राहायला आमचे नऊ दिवस उरलेत. हे दिवसभर लॅपटॉपपुढे बसतात आणि मी चहा नेऊन ठेवला की "थँक्यू" म्हणतात. नवरा चहासाठी बायकोचे आभार मानायला लागला की समजावं, पाणी डोक्यावरून गेलंय. मला भीती वाटते, आई. मुलीची शाळा अर्ध्यात सोडवायची, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

इथल्या नोव्हेना भागात एका मॉलमध्ये पार्लर आहे. मालकीण चिनी, साठीची, तुझ्याच अंगलटीची. तिच्याकडे आपल्या मुली लग्नासाठी तयार व्हायला येतात, म्हणून साडी नेसवून मेकअप करणारी बाई तिला हवीय. काम पसंत पडलं तर माझ्या नावाने पासचा अर्ज करायला ती तयार आहे. सोमवारी मी ट्रायलला गेले. तिने माझं काम पाहिलंच नाही. मी नेलेल्या तुझ्या मेकअपच्या पेटीतला मोठा ब्रश उचलला, वरच्या ओठाला टेकवला, मग हुंगला. "इनसाइड स्टिल वेट. स्मेल ऑलरेडी. लाइक धिस कॅनॉट लाह," इथल्या इंग्रजीत म्हणाली. गुरुवारी दोनला स्वच्छ ब्रश घेऊन ये, एकच चान्स. मला तिथेच रडू आलं. अपमानाचं होतंच, पण ब्रश ओठाला लावून ओल बघणारी बाई मी तुझ्यानंतर पहिल्यांदा पाहिली.

नागपूरचं आपलं पार्लर म्हणजे पुढची खोली, पण ब्रश धुवायचे ते स्वयंपाकघरात. मी बारा वर्षांची आहे. तू रिठ्याचं पाणी कोमट करतेस आणि पिठाच्या डब्यामागून ती चप्पल काढतेस. कधीच पायात न घातलेली, फक्त ब्रश घासायला घेतलेली रबरी स्लीपर. तिच्या तळाच्या रेघांवर ब्रश गोल गोल फिरवला की गालाची लाली, पावडर, सगळं सुटून येतं. गिऱ्हाइकाला ती दिसता कामा नये, ही तुझी ताकीद. दुसरी ताकीद अशी की, एका तोंडाचा ब्रश धुतल्याशिवाय दुसऱ्या तोंडाला लावायचा नाही, मग ते तोंड घरचं का असेना. धुऊन झालं की कपड्यांच्या चिमट्यांनी ब्रश अंगणातल्या दोरीला उलटे टांगायचे, केस खाली. त्या दिवशी चिमटे कमी पडले म्हणून मी लालीचा ब्रश पेल्यात उभा ठेवला. थोड्या वेळाने नवरी आली, पांढऱ्या साडीत, तासाभरात तिचं बौद्ध पद्धतीने लग्न. तू ब्रश तिच्या गालाकडे नेलास आणि दांड्याच्या पत्र्यात साचलेलं लाल पाणी टपकन पदरावर पडलं. "ओला ब्रश उभा ठेवते का कोणी? पाणी मुळात जाते, समजत नाही तुला? लोकांच्या तोंडाचं काम आहे हे!" सगळ्यांदेखत बोललीस. पदराची घडी फिरवून तू डाग आत घेतलास. संध्याकाळी बाजारातून डझनभर नवे चिमटे आणलेस आणि माझ्या पुढ्यात ठेवलेस.

तेव्हापासून मी तुझा शब्द खाली पडू दिला नाही, आणि तिथेच फसले. नागपूरच्या उन्हात तासाभरात ब्रश खडखडीत व्हायचे. इथे दहाव्या मजल्यावर, खिडकीबाहेरच्या, कपडे वाळत घालायच्या बांबूला चिमटे लावून दोन दिवस टांगले तरी वरवर कोरडे आणि आत ओलेच. मी बोटाने बघायचे. ओठाला लावून बघायचं मीच सोडून दिलं होतं. सोमवारी घरी येऊन मोठ्या ब्रशाचे केस फाकवले तर मुळाशी बुरशी. दोनदा धुतला, वास जाईना. टाकून दिला.

मंगळवारी दोन डॉलरच्या दुकानातून एक स्लीपर आणली, आणि कपाटातली ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे. त्यातले पांढरे खडे हवेतलं पाणी पितात. यांच्या ऑफिसच्या शर्टांचे हँगर आता रिकामेच आहेत. त्यांना चिमट्यांनी ब्रश टांगले, खाली डबे ठेवले आणि कपाट बंद केलं. "मम्मा, यू वॉश ब्रश विथ स्लिपर? सो डिसगस्टिंग लाह," लेक म्हणाली. नवी आहे गं, कोणी घातलेली नाही, मी म्हटलं. "देन व्हाय यू हाइड?" मी ती पिठाच्या डब्यामागे ठेवत होते.

लहान ब्रश आज सकाळपर्यंत वाळले. प्रश्न मोठ्याचाच. दुकानातले स्वस्त ब्रश गालाला टोचतात, चांगल्याचा भाव विचारायची छाती झाली नाही. तसाच आणखी एक मोठा ब्रश होता माझ्याकडे, बॅगेच्या तळाशी, तुझ्या रुमालात गुंडाळलेला. तोंडाला पावडर लावल्याशिवाय तू पार्लरचं दार उघडायची नाहीस, म्हणून तू गेलीस त्या सकाळी, तुला न्यायच्या आधी, मी त्याने तुला पावडर लावली. त्यानंतर तो कधी धुतला नाही. इतकी वर्षं रुमाल उघडला की तुझा वास यायचा. आज सकाळी मी तो स्लीपरवर घासला. पाणी जरासं गढूळ झालं, मग स्वच्छ यायला लागलं.

आता तो कपाटात आहे. मी तासातासाला दार उघडते. मघाशी हे मागे येऊन उभे राहिले. "वाळेल ना गं?" "वाळेल," मी म्हटलं. ते गेल्यावर ओठाला लावून पाहिला. गार लागला.

हे पत्र मी त्याच रुमालात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? फक्त एक सांगायचं राहिलं. सकाळी नळ सोडण्याआधी मी मोरीचं दार लावून घेतलं आणि तो ब्रश तसाच, न धुता, माझ्या दोन्ही गालांवरून फिरवला. रागवायचं तर रागाव.