छोट्या तेरेसाचा दिवस

२८ सप्टेंबर, गुरुवार. राडोम.
तेरेसा क्राकूवला येणार. तिच्या बहिणीनं, हालिनानं, आज फोनवर पक्कं सांगितलं. तेरेसा स्वतः फोनवर आली नाही. केस धूत होती म्हणे. मार्चपासून ती हालिनाकडे गदिन्यात राहते. बायकोला समुद्राची हवा हवी असेल तर नवऱ्यानं अडवू नये. पण आता हवा पुष्कळ झाली. दोन दिवस म्युझियमं, रविवारी तिचा नामदिन, म्हणजे तिच्या नावाच्या संत तेरेसाचा दिवस, त्याची फुलं, सोमवारी माझ्याबरोबर राडोमच्या गाडीत. हालिना म्हणाली, विटेक, फार आशा ठेवू नकोस. हालिनाला प्रवासाची आवड कधीच नव्हती.
संकल्प: म्युझियममध्ये माहिती सांगायची नाही. तिला बोलू द्यायचं.

३० सप्टेंबर, शनिवार. क्राकूव.
एकच छोटी बॅग घेऊन आली. राडोमला तिचे कपडे आहेतच, म्हणून असेल. हॉटेलात वेगळी खोली मागितली. माझ्या घोरण्यामुळे. तिनं कारण सांगितलं नाही, पण मला कळतं.
सकाळी वावेलचा किल्ला. संकल्प पहिल्या दालनापर्यंत टिकला. पण भिंतीवरचे ते गालिचे माहितीशिवाय बघणं म्हणजे नुसतं कापड बघणं. खुर्चीवरची राखणदार बाई म्हणाली, साहेब, आवाज हळू, बाकीच्यांनीही तिकीट काढलंय. तेरेसा तिला म्हणाली, बाई, तुमचं बरंय, तुम्हाला बोलता तरी येतं. दोघी हसल्या. वातावरण मोकळं होतंय.
दुपारी ते प्रसिद्ध चित्र. बाई, आणि तिच्या हातात पांढरं जनावर. तेरेसा बराच वेळ उभी होती. म्हणाली, किती घट्ट धरलंय त्याला. मी म्हटलं, त्यालाच शैली म्हणतात.
संध्याकाळी चौकात चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी. सूर नेहमीप्रमाणे मध्येच तुटला. तेरेसा म्हणाली, निदान हा तरी मध्येच थांबतो. तिचा विनोद परत आला! उद्या काम होणार.

१ ऑक्टोबर, रविवार. सकाळ.
अ‍ॅस्टर घेतले. संख्या विषम आहे ना, ते तपासलं. सम फुलं कबरीवर. फुलवाली म्हणाली, छोट्या तेरेसासाठी ना साहेब? आज सकाळपासून तेच चाललंय. संत तेरेसा दोन, मोठ्या तेरेसावाले पंधरा तारखेला येतील, तेव्हा परत अशीच झुंबड. मी म्हटलं, आमची छोटी. कॅलेंडर बघावंही लागलं नाही. इतक्या वर्षांची सवय.
बेत: म्युझियमच्या कॅफेत फुलं द्यायची, मग घरी येण्याचं विचारायचं. चारचौघांत ती नाही म्हणणार नाही.

त्याच दिवशी, दुपार.
फुलांकडे बघत राहिली. मग म्हणाली, माझी मोठी तेरेसा, विटेक. पंधरा तारीख.
मी हसलो. शक्यच नाही म्हटलं. दर वर्षी एक ऑक्टोबरला मी फुलं घेतो, पाय आपोआप दुकानाकडे वळतात. ती म्हणाली, वळतात ना. पण घरी कधी आली नाहीत ती.
तेव्हा ऑफिसातली तेरेसा आठवली. बिलिंगमधली. निव्वळ सहकारी. बाकीचे मिळून केक आणायचे, मी फुलं. हे मी नीट, सुरुवातीपासून समजावून सांगितलं. वेळ लागला.
एवढ्यात वेट्रेस फुलांसाठी पाण्याचा जग घेऊन आली आणि आमच्या बोलण्यातलं नाव ऐकून मोठ्यांदा म्हणाली, तेरेसाबाई, अभिनंदन! शेजारच्या दोन टेबलांनी शंभर वर्षं जगा हे गाणं धरलं. मीही गायलो, गप्प राहणं बरं दिसलं नसतं. गाणं संपेपर्यंत तेरेसा उभी राहिली, सगळ्यांचे आभार मानले, मग कोट घातला.
म्हणाली, मला वाटलं होतं, पंधरा तारखेला मी घरी असावं म्हणून तू आधीच न्यायला आलास. अख्ख्या प्रवासात तेच वाटत होतं.
फुलं टेबलावरच राहिली. संध्याकाळच्या गाडीनं ती गदिन्याला गेली. स्टेशनवर मी चुकून आमच्या राडोमच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो.

२ ऑक्टोबर, सोमवार.
शहराचा इतिहास दाखवणारं म्युझियम राहिलं होतं. गेलो. बंद. पहारेकरी काचेआडून म्हणाला, अहो, सोमवार आहे, आज कुठलंच म्युझियम उघडं नसतं. हे मलाच कुणाला तरी सांगता आलं असतं.
पायरीवर बसून फोन केला. हालिनानं उचलला. तेरेसा सुखरूप पोचली, केस धुतेय. इतक्या वेळा केस धुणं बरं नाही, असा निरोप ठेवला. मग म्हटलं, पंधरा तारखेला मी गदिन्याला येतो, या वेळी चूक नाही. हालिना म्हणाली, येऊ नकोस विटेक, त्या दिवशी आम्हीच राडोमला येतोय. माझा नवरा टेम्पो घेऊन येईल. तिचं सगळं सामान न्यायचंय.
म्हणजे पंधरा तारखेला ती घरी असणार. तिला हवं होतं तसंच.
फुलं आदल्या दिवशी आणून ठेवतो. फुलदाणी मात्र तिच्या माहेरची आहे. ती टेम्पोत जाईल.