गणवेशातील अधिकाऱ्यास तिकीट नाही

३ नोव्हेंबर
मी, एकहार्ट विटकॉफ, वय चोपन्न, वाणिज्य पदवीधर, पोलीस मुख्यालयाच्या हिशेब शाखेतील अधिकारी. आजपासून डेसाऊ ते माग्डेबुर्ग हा कामावर जाण्यायेण्याचा रेल्वेप्रवास गणवेशात, म्हणून विनामूल्य. अट एकच : गाडीत काही अनुचित घडल्यास तिकीट तपासनिसाच्या मदतीस धावून जाणे. माझ्या केवळ उपस्थितीने गाडीत कशी शिस्त येते, याची नोंद राहावी म्हणून ही रोजनिशी.

४ नोव्हेंबर
तपासनीस श्रीमती याश्के यांना हायसे वाटले. म्हणाल्या, "बरं झालं साहेब, तुम्ही आहात. मागच्या डब्यात एक जण रोज विनातिकीट बसतो. काल मला म्हणाला, बाई, एक दिवस तुम्हाला मधल्याच स्टेशनात उतरवीन." मी सांगितले, आता त्याने गणवेश पाहिला आहे. विषय संपला.

५ नोव्हेंबर
संपलेला नाही. संकल्प : उद्यापासून मागच्या डब्यात बसणे.

६ नोव्हेंबर
मागच्या डब्यातला हीटर बंद. घसा नाजूक, सबब पुढे बसलो. मागचे बोलणे पुढे ऐकू येते का, ते तपासले. येत नाही. एकंदरीत शांतता.

१० नोव्हेंबर
मागच्या डब्यातला तो विनातिकीट इसम आपणहून माझ्यासमोर येऊन बसला. उंच, गुळगुळीत दाढी केलेली, आवाज हळू. "काका, पिस्तूल खरं आहे की नुसतं हिशेबापुरतं?" मी हसलो. "राहता कुठं? नको, सांगू नका. माहीत आहे मला." अशा मोकळ्या बोलण्यातून परस्परविश्वास वाढतो. पत्नीस दाराला आतून कडी लावण्यास सांगितले. थंडीत लावावीच.

११ नोव्हेंबर
गणवेशावर लांब ओव्हरकोट, बटणे गळ्यापर्यंत. श्रीमती याश्के थबकल्या. "साहेब, वर्दी दिसत नाही हो तुमची." म्हटले, आत आहे. "आत असून मला काय उपयोग?" स्वर किंचित उद्धट. तरीही, उद्या वरची दोन बटणे उघडी ठेवणे.

१२ नोव्हेंबर
पारा आणखी उतरला.

१३ नोव्हेंबर
झेर्ब्स्ट स्टेशन सोडल्यावर मागून हाक आली, "विटकॉफसाहेब!" पुन्हा आली. इतक्या गोंगाटात ती माझ्याच नावाची होती, असे खात्रीने म्हणता येणार नाही. उठलो. मधले दार जड वाटले. जोर लावला असता तर उघडलेही असते. पुढच्या स्टेशनात गाडी थांबूनच राहिली. फलाटावर याश्केबाई पडलेल्या, भोवती माणसे. गर्दीत भर नको म्हणून बसून राहिलो.

१७ नोव्हेंबर
याश्केबाईंच्या खुब्याचे हाड मोडले आहे. पडल्या की पाडल्या, पाहिलेला कोणी पुढे येत नाही. मुख्यालयातल्या सहकाऱ्याने त्यांचा जबाब घेतला. गाडीत कोणी पोलीस होता का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "नाही. पोलीस कोणी नव्हता." मार डोक्यालाही लागला असावा.

१८ नोव्हेंबर
साधे कपडे. तिकीट काढून प्रवास केला. तो शेजारी येऊन बसला, तो थेट माग्डेबुर्गपर्यंत. उतरताना माझी बॅग त्यानेच काढून दिली. मी आभार मानले.

एकहार्ट विटकॉफ
डेसाऊ, १८ नोव्हेंबर