रविवारची तालीम

प्रिय खारूताई,

फोन उशाशी असताना आजी पत्र का लिहीत बसली, असं वाटेल तुला. सांगते, पण माझ्या चालीनं. दुसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे, चष्म्याशिवायही वाचता येईल एवढं मोठं. माझा गुडघा बरा आहे. तुझा बाप परवा नळाचा वायसर बदलायला बसला आणि सगळं स्वयंपाकघर भिजवून उठला. वर म्हणतो, नळच खराब. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पुढच्या आठवड्यात तू पुन्हा मुलाखतीला जाणार, हे तुझ्या आईकडून कळलं आणि मला कोण आनंद झाला. पाणी तपासणाऱ्या त्या पहिल्या प्रयोगशाळेनं सुट्टीतलं काम दिलं नाही, तरी तू हाय खाल्ली नाहीस. आता ही दुसरी. आणि किती शिकतेस गं एका वेळी! विज्ञानाची डिग्री आहेच, शिवाय अर्ज लिहायचे, कॉम्प्युटरवर तक्ते मांडायचे, परक्या माणसांपुढे उभं राहून बोलायचं. आम्हाला वाटायचं, डिग्री हातात पडली की नोकरी आपल्या पायांनी दारात येते. तुझ्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या ना, विज्ञान न शिकलेल्या कुणाला तरी तुझं काम समजावून सांग, त्याला कळलं तर सगळ्यांना कळेल. तेव्हा तुला मी आठवले. मला तर आभाळ ठेंगणं झालं. त्या पहिल्या मुलाखतीआधी दर रविवारी मी केस विंचरून फोनपुढे बसायचे, तुझ्या बापाला टीव्ही बंद करायला लावायचे. तू बोलायला लागलीस की डावी भुवई वर जाते, थेट तुझ्या आजोबांसारखी. मी ती भुवईच बघत राहायचे. शेवटी तू विचारायचीस, समजलं ना आजी? मी मान डोलवायचे.

शेजारची शिवणवाली तुझं कौतुक ऐकून ऐकून विटलीय. परवा मशीन थांबवून तिनं विचारलंच, नात नेमकं करते तरी काय? मी ऐटीत सांगितलं, नळाच्या पाइपात जंतूंचा थर बसतो, त्याचं करते. त्याचं म्हणजे काय करते? म्हटलं, त्याचंच. बिचारीनं गुमान मशीन सुरू केलं. पण माझे कान तापले ते घरी येईपर्यंत तापलेलेच.

मान डोलवणं हे माझं जुनंच दुखणं. डॉक्टर गोळ्यांचं सांगतात, मी मान डोलवते आणि घरी येऊन तुझ्या आईला विचारते, सकाळची कुठली? बँकेतही तेच. मान डोलवली की समोरचा खूश, आणि आपलं अडाणीपण झाकलेलं. आजवर त्यात माझंच काय ते नुकसान व्हायचं.

पण त्या पहिल्या मुलाखतीनंतर तू रडवेली होऊन फोनवर म्हणालीस, "माझ्या आजीला कळतं, आणि या एवढ्या शिकलेल्या माणसांना कळत नाही!" तुझी आई हसली. मीही हसले गं. फोन ठेवला आणि मला तोंड लपवायला जागा सापडेना.

खारूताई, मला एकाही रविवारी काही कळलं नव्हतं. त्या माणसांना दोष देऊ नकोस. मी पहिल्याच रविवारी तोंड उघडलं असतं, तर तू शब्द बदलले असतेस. माझ्या हो ला हो मुळे तू तेच घेऊन तिथे गेलीस. हे फोनवर सांगणार होते, पण तुझा चेहरा दिसला की तोंडातून आपोआप 'समजलं' निघतं, म्हणून हे पत्र. या रविवारी फोन कर. तू चिडलीस तरी चालेल, मी मान डोलवणार नाही. पहिला प्रश्न आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी माघार नको: पाणी एवढ्या जोरानं वाहतं, मग तो थर वाहून का जात नाही?

तुझीच, लाजलेली पण हटून बसलेली,
आजी