भोंग्याच्या मुलीचे घर

मी, युद्धात बुडालेल्या विनाशिकेच्या बॉयलरवरचा माजी आगवाला, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. गुडघे कामातून गेले असले तरी डोके ठणठणीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी दिवंगत पत्नी, आणि तिलाही हेच हवे होते.

१. माझे स्वकष्टार्जित राहते घर, मागची दुरुस्तीची शेड आणि तिच्यातले लेथ यंत्र मी माझ्या मुलीला देतो. ती माझ्या रक्ताची नाही. कागदोपत्री दत्तकही नाही, कारण तिच्या बापाचे नाव पुसायचा मला अधिकार नव्हता. पुतण्या हरकत घेईल, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

२. तिच्या बापाला आम्ही भोंगा म्हणायचो. बॉयलरच्या गोंगाटातही त्याचे बोलणे ऐकू यायचे. आमच्या बॉयलरच्या खोलीची एक रीत होती. पाळी बदलताना जाणाऱ्याने व्हॉल्व्हचे चाक न सोडता ‘दिलं’ म्हणायचे, येणाऱ्याने ते धरून ‘घेतलं’ म्हणायचे. ‘दिलं’ ऐकल्याशिवाय दुसऱ्याच्या चाकाला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

शत्रूच्या पाणबुडीचा पाणतीर लागला तेव्हा पाळी भोंग्याची होती. जहाज सोडायचा हुकूम झाला. पण पाणी उपसणाऱ्या पंपांना वाफ हवी होती, म्हणजे कोणीतरी खाली थांबणे भाग होते.

"तुझ्या पोरीला आई नाही, मी सडाफटिंग. दे इकडे," मी म्हणालो.

"नाही देत जा! पाळी माझी आहे. तू वर हो."

मी पुन्हा मागितले. त्याने ‘दिलं’ म्हटले नाही. मी वर गेलो.

पंप चालत राहिले. होड्या उतरल्या, जखमीही उतरवता आले. भोंगा वर आला नाही. आमची विनाशिका बुडाली हे खरे, पण माणसे उतरेपर्यंत थांबून बुडाली. "बुडालेल्या बोटीची कसली ऐट?" असे पुतण्या चारचौघांत म्हणाला होता. ऐट हीच, आणि ती मी मरेपर्यंत मिरवणार.

लग्न ठरताना मी पत्नीला सांगितले, पदरात एक पोर आहे. ती म्हणाली, "आधी तिला घेऊन या, मग तुमचं बघू."

३. पुतण्याला मोटारसायकल देतो. ती तो न विचारता नेतोच. तो मनाने वाईट नाही, जिभेला हाड नाही एवढेच.

४. घराच्या दारावर भोंग्याच्या खऱ्या नावाची पाटी लावावी. माझे नाव नसले तरी चालेल. खरे सांगायचे तर खाली, बारीक अक्षरात असावे.

५. मनगटी घड्याळ जहाजावरच्या आचाऱ्याला द्यायचे होते. आमच्यातले आता तो आणि मी, दोघेच उरलो आहोत. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. आचारी ताडकन उठला. "घड्याळ ठेव तुझ्याजवळ. माझे दोन्ही पाय भाजलेले, मला उचलून होडीत घातलं ते कोणाच्या जिवावर? त्याच्या पोरीच्या कागदावर मी सही करणार." म्हणून घड्याळही मुलीलाच.

ठिकाण: याच घराची पुढची खोली.
दिनांक: विनाशिका बुडाली ती तारीख, मुद्दाम निवडलेली.

लिहून ठेवणार: (सही) माजी आगवाला

साक्षीदार: (सही) शेजारचे डॉक्टर

साक्षीदार: (सही) जहाजाचा आचारी. खाली स्वहस्ते: ‘वरचे सगळे खरे आहे. पुरावा मी स्वतः.’