कवडी कुटं बसती

करकंब, ता. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. सृष्टी हिला मथुराआत्याचा आशीर्वाद, वि. वि.

पत्र पावलं. फोनवर मला निम्मं ऐकू येत न्हाय आन् उरलेलं तू रडत बोलतीस, तवा लिवत जा तेच बरं. आई गेल्यापास्नं माज्याजवळ वाढलीस, अशी रडकी न्हवतीस.

मांजर ट्रेत बसायचं सोडून घरात घाण करतंय, ह्ये तीन पानं लिवायसारखं हाय व्हय? हितं गोठ्यात तुज्या मांजराची, कवडीची आई हाय, तिला कुणी ट्रे दिला न्हाय. मांजरासाठी पाकिटातली वाळू इकत आणायची, ह्ये माज्या चौथीपातूरच्या शाळेत शिकवलं न्हवतं.

पण सासूबाई म्हंत्यात की सव्वीस तारखेला तुजा नवरा शिवकुमार मोडनिंबला जाणार हाय, तवा त्याच्यासंगं धाडून तितल्या गोदामात सोडायची, त्ये मला पटलं न्हाय. एप्रिलात लगीन होऊन गेलीस तवा माहेरचं म्हणून तेवढं एक मांजर मागितलंस. दुसरं काय न्हाय.

सांगते तसं कर. घाण केलेल्या जागी सासूबाई गोमूत्र शिंपडत्यात न्हवं, शिंपडू दे. दिवाळीच्या फराळासंगं मी आपल्या गायीचं बाटलीभर दिलं हुतं, त्ये संपत आलं आसंल. आणिक दोन बाटल्या एसटीनं धाडती. घर शुद्ध ऱ्हातंय आन् त्यांचं मनबी. मांजर कुटं, कवा, कसं बसतंय त्ये नीट बगून लिव. बिचारी, बिचारी लिवून कागद भरू नको.

लोभ हायच, त्येची काळजी करू नको, उत्तर लवकर धाड.

मथुराआत्या

सोलापूर, ११ जानेवारी २०२५

ती. आत्या, शि. सा. न.

बाटल्या गुरुवारी मिळाल्या. सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, तुझ्या आत्याला घर कळतं, तुला नुसतं मांजर कळतं.

तू सांगितलंस तसं बघितलं. शिवकुमारनं कॅलेंडरच्या पाठीमागं घराचं चित्र काढून खुणा केल्यात. त्याला तो कवडीचा सातबारा म्हणतो.

दिवाळीपर्यंत ती एकदाही ट्रेच्या बाहेर बसली नव्हती. मग आम्ही दोन दिवस अक्कलकोटला गेलो, ट्रे तसाच राहिला, आणि ती दारातल्या पायपुसण्यावर बसली. आता ट्रे रोज धुते, पायपुसणं बदललं, तरी तिथंच. गुरुवारपासून तर जागा वाढल्यात. बाटल्या आल्यापासून सासूबाई सकाळी उंबऱ्यापासून पलंगाखालपर्यंत सगळीकडं शिंपडतात. शुक्रवारी कवडी पलंगाखाली बसली. आज देवाच्या कोपऱ्यात. सासूबाई ओरडल्या नाहीत, मांजर मोडनिंबला न्यायची पिशवी तेवढी काढून ठेवली त्यांनी. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

एक गंमत सांगते. ती कुठंही बसत नाही. हळूहळू वास घेत जाते, गोल फिरते, फरशी पायानं उकरते जशी काय तिथं माती आहे, आणि बसून झाल्यावर माझ्याकडं शहाण्या पोरासारखी बघते. सात रस्त्याजवळच्या जनावरांच्या डॉक्टरनं तपासलं. आजार नाही म्हणाले. घरात काय बदललं ते शोधा म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, घरात काही बदललेलं नाही, मांजरच बिघडलंय.

आत्या, ती गेली तर या घरात माझ्या ओळखीचं कोण राहणार?

माया आहेच तुझी, या खेपेला थोडी अक्कलही पाठव.

तुझी, सृष्टी

करकंब, ता. १८ जानेवारी २०२५

विहीणबाई सौ. दाक्षायणीबाई यांस मथुराबाईचा नमस्कार, वि. वि.

पोरीला निराळं लिवत न्हाय, तिलाच ह्ये वाचायला सांगा.

तिचं पत्र आल्यावर मी तीन दिस सकाळी गोठ्यात बादली पालथी घालून बसले. शेजारीण म्हणाली, मथुराबाई, मांजराची राखण करताय का काय. तिला म्हणलं, व्हय, तुज्यापरीस शानं हाय. कवडीची आई भुसभुशीत माती सोडून, कडबा सोडून, गाय मुतती तितंच गेली. हुंगलं, उकरलं, बसली. दुसऱ्या दिशी मी गाय दुसऱ्या कोपऱ्यात बांधली. तिसऱ्या दिशी मांजर त्या कोपऱ्यात. तवा माजी ट्यूब पेटली.

कवडी ह्याच गोठ्यात जन्मली. गायीचा वास आला की हितं बसायचं, एवढंच तिला आईनं शिकवलंय. तुमी रोज सकाळी गोमूत्र शिंपडून तिला जागा दावताय आन् ती रोज तुमचं ऐकतीया.

बाटल्या मी दिल्या, शिंपडायला मी लावलं. चूक माजी हाय, पोरीची न्हाय, तुमची तर न्हायच. असं लिवायची मला सवय न्हाय, तवा एकदाच लिवलंय.

फरशी साबणाच्या गरम पाण्यानं दोनदा धुवा. शिंपडायचं त्ये दाराभाईर तुळशीपाशी शिंपडा. बाटलीतलं ट्रेत वता म्हणणार न्हाय, तुमाला पटायचं न्हाय आन् मलाबी न्हाय. म्हणून गायीच्या पायाखालची माती पोत्यात भरून ह्या पत्रासंगंच एसटीनं धाडली हाय. ती ट्रेत टाका. सव्वीसपातूर बगा. न्हाय जमलं तर मोडनिंबला सोडू नका, मी येऊन घेऊन जाईन. पोरगी मातूर मागं एकटी ऱ्हाईल की.

तिच्यावरचा लोभ हाय तेवढा ठेवा, माज्यावरचा थोडा कमी केलात तरी चालंल.

मथुराबाई

सोलापूर, २७ जानेवारी २०२५

विहीणबाई मथुराबाई यांना दाक्षायणीचे शरणार्थ, वि. वि.

पत्र सृष्टीनं मोठ्यानं वाचलं. मांजर रोज माझं ऐकतंय, हे ऐकून शिवकुमार इतका हसला की संध्याकाळपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

माझा विश्वास नव्हता. तरी फरशी धुतली, माती ट्रेत टाकली आणि खुर्ची घेऊन समोर बसले. मांजर आलं, हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि ट्रेत बसलं. आठ दिवस झाले, एकदाही बाहेर नाही. काल शिवकुमार मोडनिंबला एकटाच गेला. मांजरासाठी काढून ठेवलेल्या पिशवीतून बोरं घेऊन आला.

एक गोष्ट तुमची पोरगी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा मांजर पलंगाखाली होतं. त्याच्याआधी तीच जाऊन पोत्याजवळ बसली. मूठभर माती हातात घेतली आणि किती तरी वेळ तशीच बसून राहिली. हात धू म्हणणार होते, म्हणाले नाही. नऊ महिन्यांत तिनं करकंबचं नाव काढलं नाही, मला वाटलं रमली.

माती संपत आली आहे. पोतं पाठवू नका. पुढच्या आठवड्यात सृष्टी स्वतः येईल, चार दिवस राहील आणि भरून आणेल. तोवर कवडी माझ्याजवळ राहील.

लोभ वाढवा, बाटल्या मात्र नकोत.

दाक्षायणी